फर्मागुडीच्या चढावर गाडी मान टाकते (2006 ची 100 सीसी, 1,31,000 किमी)

अबोलीची_वेणी
3 ऑगस्ट 2025, रात्री 9:10

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच धागा काढतेय. सगळं नीट सांगायचंय म्हणून लांबेल.

गाडी बाबांची. 2006 ची, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. बाबा पणजी बसस्टँडवर पायलट होते. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, मोटारसायकलवर भाडं मारणाऱ्याला इथे पायलट म्हणतात आणि त्याच्या गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं असतं. तेरा वर्षं ती रोज स्टँडच्या रांगेत उभी राहिली. मीटर पाच आकडी आहे. 99,999 होऊन एकदा शून्यावर आलंय आणि आज 31,460 दाखवतंय. 2019 ला बाबांनी धंदा थांबवला, मडगार्ड काळं करून घेतलं आणि गाडी माझ्याकडे आली. इंजिन अजून तेल पीत नाही, धूर नाही. म्हणून ही गाडी सोडायची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

राहते फोंड्याला, नोकरी पणजीत. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. सकाळी एकटी असते, संध्याकाळी ऑफिसमधली मैत्रीण मागे असते. दुखणं संध्याकाळचं. रायबंदर, जुनं गोवं, बाणस्तारी, भोमपर्यंत काहीच नाही. कुंडईच्या चढाला जराशी कुरकुर. म्हार्दोळ सोडून फर्मागुडीचा चढ लागला की अर्ध्याच्या पुढे गाडी ओढेनाशी होते. थ्रॉटल पूर्ण फिरवला तरी उलट जास्तच गुदमरते. मग भुक्‌भुक्‌ करत बंद. पाच-सात मिनिटं कडेला उभी केली की पहिल्या किकला सुरू, आणि घरापर्यंत व्यवस्थित.

आजवर केलेलं: नवा प्लग, नवा एअर फिल्टर. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ. गेल्या वर्षी टाकीत गंज दिसला म्हणून गॅरेजवाल्याने मध्ये पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर घातला. जूनच्या सुरुवातीला जुना पेट्रोल पाइप कडक झाला होता, तो बदलून घेतला. त्रास जूनच्या शेवटापासून. आता गॅरेजवाला म्हणतो, आख्खा कार्बोरेटर बदला, साडेतीन हजार. पैसे घालायला हरकत नाही, पण त्याने नक्की होईल का?

अजून एक. टाकी फुल केली की दोन-तीन दिवस त्रास कमी वाटतो. भासही असेल. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 27 ला आहे, त्याआधी गाडी भरवशाची हवी.

किनारपट्टी
3 ऑगस्ट, रात्री 9:48

ताई, उत्तर एका शब्दात: ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. माझ्या जुन्या गाडीचंही यावर्षी हेच झालं. पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. कार्बोरेटर बदलून काही होणार नाही, नवा आणाल त्यातही तेच पेट्रोल जाणार.

बांदा_पलीकडे
3 ऑगस्ट, रात्री 10:30

आधी टाकीचं झाकण बघा. झाकणाला हवा आत घ्यायला बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल खाली उतरतं पण वरून हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि धार बंद पडते. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा शिरते आणि गाडी परत चालू. माझी बांद्याहून दोडामार्गला जाताना अशीच दोनदा अडकली होती. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच झाकण उघडा आणि कान द्या. 'सुस्स' आवाज आला तर चोर सापडला.

सत्तरीचा_रस्ता
4 ऑगस्ट, सकाळी 7:15

प्लगला ठिणगी देणारी इग्निशन कॉइलही तापल्यावर मरते आणि थंड झाल्यावर उठते. लक्षणं अगदी हीच. 1,31,000 किमीला कॉइल जाणं नवल नाही. चोर्ला घाटात मला तिने रात्री साडेदहाला पायी चालवलंय. पेट्रोलच्या मागे लागण्याआधी ती बघा.

जुनाहात
4 ऑगस्ट, दुपारी 2:05

बाय, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. डिचोलीला तीस वर्षं मी हेच काम केलं, आता हात थरथरतात म्हणून बंद. कार्बोरेटर घेऊ नको. निदान एवढ्यात नको.

वरच्या तिघांनी सांगितलेलं तिन्ही घडू शकतं, पण तिन्ही वेगळं वागतं. कॉइल मरते तेव्हा गाडी चावी फिरवल्यासारखी खटकन बंद होते. पेट्रोल कमी पडतं तेव्हा आधी दम जातो, मग भुकभुक होते. तुझी दुसऱ्या जातीची आहे. खात्रीसाठी पुढच्या वेळी चढावर गुदमरायला लागली की हळूच चोक ओढ. क्षणभर जोर आला तर पेट्रोल कमी पडतंय हे ठरलं, कारण चोकने हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होतं. कॉइल गेली असेल तर चोकने काही फरक पडणार नाही.

झाकणाचं: भोक बुजलेलं असतं तेव्हा त्रास फुल टाकीला जास्त होतो. फुल टाकीत वर हवेला जागाच थोडी, थोडं पेट्रोल उतरलं तरी ओढ लगेच वाढते. तू उलट सांगतेस, फुल असताना बरी चालते. तो भास नाही. तुझ्या गाडीला पंप नाही, पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली येतं. टाकीत पातळी उंच तर धारेला जोर जास्त, तळाला गेली की जोर कमी. म्हणजे वाटेत कुठेतरी अरुंद झालंय आणि उंचीचा जोर मिळाला तर कसंबसं भागतं. तरी झाकण उघडून बघच, फुकटचं काम आहे. झाकणाभोवतीच्या खोलगट भागात पावसाचं पाणी जायला एक भोक असतं, त्यातही तार घाल. ते बुजलं की पाणी झाकणाशी साचतं आणि टाकीत झिरपतं. आपल्याकडच्या अर्ध्या गंजलेल्या टाक्या तिथूनच गंजतात.

अबोलीची_वेणी
5 ऑगस्ट, रात्री 8:20

काका, आज दोन्ही केलं. फर्मागुडीला नेहमीच्या जागी गुदमरली. चोक अर्धा ओढला, गाडीने खरोखर झेप घेतली, शंभर-दीडशे मीटर गेली आणि मग बंद पडली. उतरून लगेच झाकण उघडलं. कान लावून ऐकलं, मैत्रिणीनेही ऐकलं. काहीच आवाज नाही. पाणी जायच्या भोकात मात्र सायकलची स्पोक घातली तर काळा चिखल निघाला. खालून पाण्याची धार लागली.

जुनाहात
5 ऑगस्ट, रात्री 9:00

शाब्बास. आता मोजायचं. मेस्त्री लोक हे करत नाहीत कारण वेळ जातो, पण अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्यात याहून जास्त जातो.

आधी हिशेब. सपाटीला गाडी लिटरला 60 देते असं धर. ताशी 45 ने गेलीस तर तासाला पाऊण लिटर, म्हणजे मिनिटाला साडेबारा मिली. चढावर दोघी, तिसरा गिअर, थ्रॉटल पूर्ण, ताशी 35. तेव्हा लिटरला 20 सुद्धा मिळत नसेल. मिनिटाला 30 मिलीच्या घरात गेलं. दोन्ही आकडे लिहून ठेव.

कार्बोरेटरच्या तळाला वाटी असते, तिला खालून पितळी स्क्रू आणि बारीक नळी. इंजिन थंड असताना, उघड्यावर, आसपास कोणी विडी-सिगरेट ओढत नाही बघून, नळीखाली काचेची बाटली धर. कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, ऑन, स्क्रू दोन फेरे सैल. 100 मिली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघ. थर्मोकोलचा पेला घेऊ नको, विरघळतो. स्क्रू परत बसवताना जोर लावू नको, आटे पितळेचे आहेत.

अबोलीची_वेणी
7 ऑगस्ट, सायं. 6:40

केलं. फेणीची रिकामी बाटली घेतली, औषधाच्या मापाने 100 मिलीची खूण चिकटपट्टीने केली. स्क्रू सोडला तर धो धो आलं. 50 मिली बारा सेकंदांत! मी तिथेच थांबवलं. म्हणजे पेट्रोल भरपूर येतंय, नाही का? मग कार्बोरेटरच का?

जुनाहात
7 ऑगस्ट, सायं. 7:05

थांब, थांब. आधीच भरून असलेली वाटी रिकामी झाली ती तुला दिसली. टाकीतून किती येतं ते त्यानंतर कळतं. पहिली धार सोडून दे, बारीक झाली की मग घड्याळ चालू कर. पेट्रोल टाकीत परत ओतायच्या आधी बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवून तळाशी काय बसतं तेही बघ.

अबोलीची_वेणी
10 ऑगस्ट, दुपारी 12:50

आज रविवार, सकाळ सगळी यातच गेली. बाबाही खुर्ची घेऊन अंगणात बसले होते, घड्याळ त्यांच्या हातात. टाकी अर्धी.

पहिली धार सोडून दिली. मग मात्र थेंबाथेंबाची दोरी. 100 मिली भरायला 5 मिनिटं 5 सेकंद. दोनदा केलं, दुसऱ्यांदा 5 मिनिटं.

म्हणजे मिनिटाला 20 मिली! काका, तुमचे आकडे समोर ठेवले आणि अंगावर काटा आला. सपाटीला साडेबारा लागतात, म्हणून पणजी ते म्हार्दोळ काही होत नाही. चढावर 30 लागतात आणि येतात 20. मधले 10 मिली दर मिनिटाला वाटीतून उसने जातात आणि फर्मागुडीच्या अर्ध्यावर वाटी संपते. पाच मिनिटं उभी राहिली की वाटी परत भरते. सगळं दुखणं या तीन आकड्यांत बसलं.

बाटलीच्या तळाला चहाच्या भुकटीसारखा तांबूस गाळ, चिमूटभर. पाण्याचा वेगळा थर नाही.

सत्तरीचा_रस्ता
10 ऑगस्ट, दुपारी 1:30

कॉइलचं माझं म्हणणं मागे घेतो. चोकची परीक्षा मला माहीत नव्हती, वहीत लिहून घेतली.

जुनाहात
10 ऑगस्ट, दुपारी 3:10

आता वाट टाकीपासून खाली एकेक टप्प्याने चाल. किंवा खालून वर, कसंही, पण एका वेळी एकच गोष्ट बदल. कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून त्याचं तोंड बाटलीत धर, कार्बोरेटरच्याच उंचीला. तिथे धार मोठी असेल तर अडचण वाटीत पेट्रोल आत सोडणाऱ्या सुईपाशी. तिथेही बारीकच असेल तर कार्बोरेटर निर्दोष. मग फिल्टरच्या आधी मोज. मग कॉकच्या तोंडाशी. जिथे धार एकदम मोठी होते, त्याच्या लगेच खालचा भाग आपला.

फिल्टर अर्धाच भरलेला दिसतो का? दिसला तरी घाबरू नको, पंप नसलेल्या गाडीत तो बऱ्याचदा तसाच असतो.

अबोलीची_वेणी
10 ऑगस्ट, सायं. 6:15

पावसाने मध्ये दोन तास घालवले, पण झालं. सगळीकडे 100 मिलीलाच लागलेला वेळ:

कार्बोरेटरच्या तोंडाशी पाइप काढून: 4 मिनिटं 40 सेकंद.
फिल्टरच्या आधी, म्हणजे कॉक आणि वरचा पाइपचा तुकडा एवढंच: 4 मिनिटं 30 सेकंद.
वरचा तुकडा काढून शेजारच्या काकांकडचा त्याच जाडीचा पाइप कॉकला लावून: 40 सेकंद.

मी पुन्हा केलं. 41 सेकंद. बाबा म्हणाले, तुझा नवा पाइप!

खरंच, तो पाइप हातात घेऊन बघितला तर काही नाही. काळाभोर, मऊ, कुठे चीर नाही. फुंकर मारली तर जाते. दाढीच्या ब्लेडने उभा चिरला. बाहेरचं रबर ठीक. आतली बाजू मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याला फुगे यावेत तशी फुगलेली. कॉकच्या नळीवर जिथे तो चढतो, त्याच्या खाली दीड-दोन सेंटिमीटरवर आतला पापुद्रा सुटून जिभेसारखा लोंबत होता. बोटाने खाली दाबला की भोक जवळजवळ बंद, सोडला की जरासं उघडतं. मूळचं भोक साडेपाच मिलिमीटरचं, आता चंद्रकोरीसारखी फट. खालच्या तुकड्यातही फुगे आहेत, पण कमी.

फुंकर का जात होती तेही कळलं. हवा त्या जिभेला ढकलून जाते. पेट्रोलच्या धारेला एवढा जोर नाही.

हा पाइप दोन महिन्यांचा. जुना कडक झाला होता, पण चालू होता. आणि त्रास त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरू झाला, हे मीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतं!

बांदा_पलीकडे
10 ऑगस्ट, सायं. 6:50

दोन महिन्यांच्या पाइपवर कोणाचा संशय जाणार? नवीन घातलं म्हणजे ते ठीकच, असं आपण सगळेच धरून चालतो. पैसे वाचले ताई.

किनारपट्टी
10 ऑगस्ट, सायं. 7:30

पण पाइप फुगला तो ई20 नेच ना? मी पहिल्या दिवशी हेच सांगत होतो.

प्रयोगवही
10 ऑगस्ट, रात्री 10:05

मी मडगावला रसायनशास्त्र शिकवते, आणि माझीही जुनी गाडी आहे, म्हणून मनापासून लिहिते. किनारपट्टी, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे.

20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर येऊ लागलं आणि आता जवळजवळ सगळीकडे तेच आहे. इथेनॉल आणि पेट्रोल एकत्र असताना साध्या रबरात जास्त शिरतात आणि ते फुगवतात. पेट्रोलसाठी न बनवलेला पाइप, पाण्याचा किंवा कसलाही स्वस्त रबरी, यात टिकत नाही. चांगल्या नायट्राइल रबराचा पाइप बराच टिकतो, आतून एफकेएम रबराचा थर असलेला त्याहून जास्त. म्हणजे पेट्रोल बदललं हे खरं, आणि पाइप त्या पेट्रोलचा नव्हता हेही खरं. पेट्रोल बदलणं ताईंच्या हातात नाही, पाइप आहे.

ई20 चे बाकीचे परिणामही गाडीगणिक वेगळे मोजावेत. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजनही असतो, म्हणून जुन्या जेटच्या (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) कार्बोरेटरमधून इंजिनाला मिश्रण किंचित पातळ मिळतं. पण या दोन्हींमुळे गाडी चढाच्या अर्ध्यावर बंद पडून पाच मिनिटांनी उठत नाही.

आपल्याकडे लक्ष द्यायला हवं ते पाण्याकडे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस, आणि चार महिने हवा ओली. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं. पण ते प्रमाण ओलांडलं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. कॉकचं तोंड तळालाच असतं. ताईंच्या झाकणापाशी पाणी साचत होतं, तरी बाटलीत थर दिसला नाही, हे वेळेवर कळलं म्हणायचं.

ताई, पाइपचा तुकडा उरला असेल तर 5 सेंटिमीटर नेमका कापा, झाकणबंद बाटलीत पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा आणि आठवड्याने मोजा.

जुनाहात
11 ऑगस्ट, सकाळी 8:20

बाईंनी छान समजावलं.

बाय, नवा पाइप घेताना तीन गोष्टी. त्यावर पेट्रोलसाठीचा आणि ई20 चालतो असं छापलेलं बघ. जाडी जुळवून घे, सैल घेऊन क्लिप आवळू नको. आणि लांबी! मध्ये फिल्टर आल्यावर पाइप लांब होतो, लोंबतो, कमान करून वर चढतो. कमानीत हवेचा बुडबुडा अडकला तर पंप नसलेल्या गाडीत तो निघत नाही, आणि इंजिनाच्या डोक्याजवळून गेला तर तापून आतच वाफ होते. कॉकपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतरता राहिला पाहिजे.

फिल्टर ठेवायचा असेल तर लहान, जाळीचा ठेव. पण खरं म्हणजे तुझ्या गाडीच्या कॉकला टाकीच्या आत जाळी असतेच. गंज आहे तोपर्यंत फिल्टर राहू दे, टाकी साफ झाली की काढ.

अबोलीची_वेणी
13 ऑगस्ट, रात्री 9:30

पाइप बसवला. जुना दोन तुकडे मिळून 38 सेंटिमीटर होता, आता फिल्टरसकट 24 मध्ये बसला, कुठेही कमान नाही. कॉकही काढून बघितला. जाळीच्या तळाच्या भागावर तांबडी साय धरली होती, दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केली. वायसर नवा घातला.

वाटीच्या स्क्रूखाली, पहिली धार सोडून: 100 मिलीला 52 सेकंद. म्हणजे मिनिटाला 115. आधी 20 होतं.

आज मैत्रिणीला मागे घेऊन फर्मागुडी एका दमात चढले, वर शिवाजी महाराजांच्या किल्ल्यापाशी मुद्दाम थांबून गाडी न्यूट्रलला ठेवून ऐकत राहिले. घड्याळासारखी टिक टिक.

टाकीच्या गंजाचं आता सांगा कोणीतरी.

बांदा_पलीकडे
13 ऑगस्ट, रात्री 10:15

मी दोन टाक्या घरी केल्या आहेत. लिंबूसत्व किराणा दुकानात मिळतं. एक लिटर कोमट पाण्याला 100 ग्रॅम या मापाने टाकी काठोकाठ भरायची. त्याआधी पेट्रोल पूर्ण काढून, कॉक आणि पेट्रोलचा काटा दाखवणारं यंत्र काढून, भोकं रबराने बंद करायची. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवायची. मग लिंबूसत्व रात्रभर. जाड गंज असेल तर मूठभर स्टीलचे नट घालून हलवायची, आणि शेवटी ते मोजून बाहेर काढायचे, हे विसरू नका. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने खळखळून धुवायची, नाहीतर आंबटपणा राहून पत्रा परत गंजतो.

अवघड भाग पुढे आहे. उघडा पडलेला पत्रा अर्ध्या तासात पुन्हा तांबडा होतो. लगेच कोरडी करायची आणि दोन-स्ट्रोकचं तेल मिसळलेलं थोडं पेट्रोल आत सगळीकडे फिरवायचं. माझी पहिली टाकी मी जुलैत केली, ऊन नव्हतं, संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल. दुसरी नोव्हेंबरमध्ये केली, ती अजून चकचकीत आहे.

जुनाहात
14 ऑगस्ट, सकाळी 7:50

बरोबर. पावसात टाकीला हात लावू नको बाय. तोवर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नको, उघडा पत्रा जितका कमी तितका गंज कमी. दर पंधरा दिवसांनी वाटीचा स्क्रू सोडून दोन चमचे पेट्रोल काढून बघ. आणि कोणी केस सुकवायचा ड्रायर लावून टाकी सुकवायला सांगितलं, तर आधी टाकी पाण्याने पूर्ण धुतली आहे आणि पेट्रोलचा वास गेला आहे याची खात्री. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, आत नुसती वाफ असते. झाळ मारायला तर कधीच देऊ नको. त्यापायी भाजलेला माणूस मी पाहिलाय.

घाट_आणि_गाव
16 ऑगस्ट, दुपारी 1:00

माझी इंजेक्शनवाली आहे, 2020 ची, 74,000 किमी. तिलाही अनमोड घाटात असंच होतं. तिच्यात वाटीही नाही, स्क्रूही नाही. कुठे मोजायचं?

जुनाहात
16 ऑगस्ट, दुपारी 4:35

एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे नियम आल्यावर बहुतेक सगळ्या तशाच. पंप टाकीच्या आत असतो आणि साधारण 3 बारच्या दाबाने पेट्रोल ढकलतो. चावी फिरवली की दोन-तीन सेकंद 'कुंईं' आवाज येतो तो त्याचाच. आवाज रडका, तुटक किंवा गप्प असेल तर पंपापासून सुरुवात कर. पंपाच्या तळाला जाळी असते, ती गंजाने, गाळाने बुजते. इथे पाइप हाताने उपसू नको, आत दाब असतो, डोळ्यांत उडतो. दाब मोजायचं घड्याळ असलेल्याकडेच जा आणि आकडा कागदावर मागून घे, चढावर असतो तेवढा थ्रॉटल देऊन. सवय एकच बदल: रिझर्व्हवर हिंडू नको. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, तळाला गेलं की तापतो.

अबोलीची_वेणी
24 ऑगस्ट, रात्री 10:10

दहा दिवसांनी लिहितेय. सहाशे किलोमीटर झाले, एकदाही अडखळली नाही. आज माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीचं) सामान घेऊन आले म्हापशाहून: दोन शहाळी, सुपारीचे घोस, तोरिंगण, कांगलां, मागे पिशवी घट्ट बांधलेली. जुन्या गोव्याने आले, कुंडई आणि फर्मागुडी दोन्ही तिसऱ्या गिअरवर.

प्रयोगवही ताई, तुकड्याचं सांगायचं राहिलं. 13 तारखेला दोन तुकडे बुडवले, दोन्ही बरोबर 50 मिमी. गॅरेजमधल्या पाइपचा न वापरलेला तुकडा आज 56 झालाय, बोटांत जिलेबीसारखा वाकतो. नव्या पाइपचा 50 आणि जरासा. दोन्ही बाटल्या गॅरेजवाल्याला नेऊन दाखवल्या. त्याने शांतपणे हातात घेऊन बघितलं आणि त्या रबराचा उरलेला गुंडाळा माझ्यासमोर बाजूला काढून ठेवला. त्यालाही तो कोणीतरी पेट्रोलचा म्हणूनच विकला होता.

वाटीतलं पेट्रोल काल काढून बघितलं. गाळ अगदी थोडा. टाकी नोव्हेंबरात.

प्रयोगवही
24 ऑगस्ट, रात्री 10:40

50 वरून 56! लांबीत 12 टक्के, म्हणजे आकारमानात 40 टक्क्यांच्या आसपास. बाहेरून क्लिप आणि कॉकची नळी जखडून असल्यावर ते सगळं फुगणं आतल्या भोकातच जाणार. हा प्रयोग मी वर्गात करून घेणार आहे.

किनारपट्टी
25 ऑगस्ट, सकाळी 9:20

ताई, तुमचा धागा वाचून काल माझ्या गाडीचा पाइप चिरला. आतून गुळगुळीत, काही नाही. म्हणजे माझं दुखणं दुसरं. माझी सकाळी सुरू व्हायला वेळ घेते आणि लाल दिव्याला थांबली की बंद पडते. चढावर मस्त. काका, जेट बदलू का?

जुनाहात
25 ऑगस्ट, सकाळी 9:55

चढावर मस्त म्हणजे पेट्रोल खालपर्यंत पोचतंय, हे आपण धरू, पण मोजल्यावर. बाटली घे, पहिली धार सोडून दे आणि 100 मिलीला किती सेकंद लागतात ते आधी लिही. जेटचं मग बोलू.